२७ इंची ४के मॉनिटर, मधोमध काळा ठिपका: परत करू की डोळेझाक करू?

कानामात्रा | ८ जुलै, रात्री ११.४२

नमस्कार मंडळी. वाचक म्हणून बरीच वर्षं इथे आहे पण धागा पहिल्यांदाच काढतेय, विभाग चुकला असेल तर हलवा.

मी घरून मुद्रितशोधन करते, जोडीला थोडं डीटीपी. दहा वर्षं एका २२ इंची फुल एचडीवर काढली. यंदा चष्म्याचा नंबर परत वाढला तेव्हा घरचे म्हणाले आता तो डबा काढ. मग महिनाभर रिव्ह्यू वाचून डोकं उठल्यावर एक २७ इंची ४के आयपीएस (पडद्याचा एक प्रकार) मागवला, ऑनलाइन, ऑफरमध्ये २६ हजारांच्या आसपास पडला. पहिले तीन दिवस मी हवेत होते. 'द्ध' आणि 'ध्द' भुवया न आकसता वेगळे दिसतात, रफार आणि मात्रा एकमेकांच्या अंगावर पडत नाहीत, अगदी छापल्यासारखं.

चौथ्या दिवशी एका ज्येष्ठ लेखकांचं पुस्तक तपासत होते. तळटिपेत 'नाव' वर अनुस्वार दिसला, मी शेरा मारला 'अनुस्वार काढावा'. फाइल गेली. संध्याकाळी त्यांचा फोन, बाई, मी १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनंतर एकही जास्तीचा अनुस्वार दिलेला नाही, तुम्हाला कुठे दिसला? मी फाइल उघडली तर 'नाव' स्वच्छ, आणि अनुस्वार खालच्या ओळीत 'गाव' वर. पान सरकवलं, तो आता 'भाव' वर. मग ट्यूब पेटली. तो मजकुरात नाहीच, स्क्रीनवर आहे. मधोमध, किंचित वर, बरोबर जिथे माझी नजर दिवसभर असते.

आता अडचण अशी की परतीची मुदत सात दिवस, त्यातले दोन उरलेत. पैसे परत नाहीतच, फक्त बदलून देणार आणि तेही कंपनीचा माणूस घरी येऊन बघून 'हो' म्हणाला तर. हेल्पलाइनवरची मुलगी म्हणाली, मॅम एक डॉट असेल तर तो डिफेक्टमध्ये धरत नाहीत. बदलून मागवला आणि दुसरा याहून वाईट निघाला तर? आणि ती तीन वर्षांची वॉरंटी मग नक्की कशाची असते? अनुभव सांगा प्लीज, उद्यापर्यंत ठरवायचंय.

खडूस_काका | ९ जुलै, सकाळी ६.१५

परत करा. पैसे देताना तुम्ही एक रुपया कमी दिला असता तर चाललं असतं का त्यांना? मग त्यांनी एक पिक्सेल कमी दिलेला तुम्ही का चालवून घेता?

निवांत_पाटील | ९ जुलै, सकाळी ८.०३

काका सव्वासहालाच पट्टा कसून तयार :)

ताई मी म्हणेन राहू द्या. माझ्या लॅपटॉपला असा एक ठिपका पाच वर्षं होता, पंधरा दिवसांनी दिसायचा बंद झाला. गाडीच्या काचेवर खडा लागून टिचकी उडते ना, तसं. आपण काचेतून बघतो, काचेकडे नाही. बदलाबदलीच्या फंदात मनस्ताप जास्त.

कानामात्रा | ९ जुलै, सकाळी ८.२०

गाडीची काच वाचावी लागत नाही हो पाटील. मला ठिपके शोधण्याचेच पैसे मिळतात.

पिक्सेलमोड्या | ९ जुलै, सकाळी ९.४८

थोडा हिशेब मांडतो, कंटाळा आला तर सोडून द्या.

४के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२ लाख ९४ हजार ४०० पिक्सेल, चित्र घडवणारे बारीक ठिपके. प्रत्येकाच्या पोटात लाल, हिरवा, निळा असे तीन कप्पे, म्हणजे एकूण अडीच कोटींच्या जवळपास कप्पे, आणि प्रत्येकाला आपापला ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेचा बारीक स्विच. यातला एखादा मेला तर नवल नाही, बहुतेक सगळे जिवंत असतात हेच नवल.

आता कंपन्या 'एक डॉट डिफेक्ट नाही' हे कुठून म्हणतात? २००१ मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं १३४०६-२ नावाचं मानक आलं. त्यात पडद्यांचे वर्ग पाडले होते आणि बहुतेक कंपन्यांनी आपल्या सोयीचा दुसरा वर्ग धरला. त्या वर्गात दर दहा लाख पिक्सेलमागे दोन कायम पेटलेले, दोन कायम विझलेले आणि पाच बिघडलेले कप्पे चालतात. २००८ मध्ये त्याच्या जागी ९२४१ मालिकेतलं नवीन मानक आलं, पण वर्गांची कल्पना तीच. हा दुसरा वर्ग तुमच्या स्क्रीनला लावून बघा: १६ पेटलेले, १६ विझलेले, वर ४१ कप्पे. एवढं सगळं असूनही कागदोपत्री माल चोख!

मला याची चीड येते ती अशी की ते मानक आलं तेव्हा लोकांच्या टेबलावर १०२४ बाय ७६८ चे पडदे होते, आठ लाखाच्या आत पिक्सेल. दहापट पिक्सेल विकतोय म्हणून दहापट भोकांची मुभा. बरं, हे पाळायचं बंधनही नाही, कुठला वर्ग धरायचा हे कंपनीच ठरवते. म्हणून पुठ्ठ्याच्या खोक्यावर 'तीन वर्षं वॉरंटी' वाचून काही कळत नाही, त्या कंपनीचं पिक्सेल धोरण वेगळं शोधून वाचावं लागतं. डेल कंपनीच्या अल्ट्राशार्प मॉनिटरना प्रीमियम पॅनेल एक्सचेंज म्हणून योजना आहे, त्यात कायम पेटलेला एकही ठिपका निघाला तरी बदलून देतात. पण लक्षात घ्या, *पेटलेला*. ताईंचा विझलेला आहे, तो त्यात बसला नसता.

एक करा. पूर्ण स्क्रीन पांढरी, काळी, लाल, हिरवी, निळी अशी आळीपाळीने करून बघा. सगळ्या रंगांवर काळाच दिसला तर मेलेला. काळा सोडून एखाद्या रंगावर गायब झाला तर नुसता अडकलेला, तो कधीकधी आपोआप सुटतो. आणि एक शंका, २७ इंचावर ४के म्हणजे इंचाला १६३ पिक्सेल, एक पिक्सेल ०.१५६ मिलिमीटर. एवढासा ठिपका अनुस्वार म्हणून खपला म्हणजे मला पटत नाही. भिंग आहे का घरात?

वऱ्हाडी_ठेचा | ९ जुलै, सकाळी १०.३०

माह्या मॉनिटरचा डेड पिक्सेल तर चालाले लागला होता.

खरंच सांगतो. गेल्या पावसाळ्यात अकोल्याले घरी होतो, रात्री खोलीत अंधार, खिडकी उघडी, मॉनिटर चालू. सकाळी पाह्यतो तं डाव्या कोपऱ्यात काळा ठिपका. मी लगेच फोटो काढून कंप्लेंट टाकली. दुपारी जेवून आलो तं ठिपका दोन बोटं उजवीकडे. म्हटलं माहेच डोळे गेले. पेन्सिलनं कडेले खूण केली, चहा पिऊन आलो, पुन्हा सरकला. चिलट होतं बापा! मागच्या फटीतून आत घुसून काचेच्या आणि उजेडाच्या मधात फिरत होतं.

हेल्पलाइनवाल्याले सांगितलं, ठिपका जिवंत आहे. तो म्हणे सर, जिवंत असंल तं वॉरंटीत येत नाही, मेलेला पाह्यजे :D

ताई तुमचा एका जागी असंल तं वेगळी गोष्ट. पण चिलट असलं तं एक ध्यानात ठेवा, बोटानं दाबू नका. दाबलं की ते तिथंच मरते आणि मंग जन्मभराचा ठिपका. रात्री मॉनिटर बंद ठेवून शेजारी टेबललॅम्प लावला, दुसऱ्या दिवशी गेलं आपोआप बाहेर.

टेबललॅम्प | ९ जुलै, सकाळी १०.४१

माझा उल्लेख झाल्याबद्दल आभारी आहे.

हेमांगी_म्युनिक | ९ जुलै, दुपारी १.१५

वऱ्हाडी, हसून हसून मेले, ऑफिसात लोक बघताहेत.

इकडे जर्मनीत ऑनलाइन घेतलेली वस्तू चौदा दिवसांत कारण न सांगता परत करता येते, युरोपभर तो कायदाच आहे, आणि मालात मुळातला दोष असेल तर विकणाऱ्यावर दोन वर्षं जबाबदारी, कंपनीची वॉरंटी त्याहून वेगळी. त्यामुळे आम्ही एका डॉटसाठी दोनदा विचार करत नाही.

पण दुसरी बाजू पण सांगते. मी मागच्या वर्षी थोडा स्वस्त म्हणून 'उघडलेलं खोकं' प्रकारातला मॉनिटर घेतला. आला, लावला, उजवीकडे वर लाल डॉट. म्हणजे कुणीतरी तो डॉटमुळे परत केला, आणि दुकानाने मला विकला. मीही परत केला. तो बिचारा आता तिसऱ्याच्या घरी असेल.

खडूस_काका | ९ जुलै, दुपारी १.३०

स्थळ नाकारलेल्या मुलासारखं.

गोंयकार | ९ जुलै, दुपारी २.०५

मी दोनदा बदलला. सांगतो कसं झालं ते, म्हणजे कानामात्राताईंना दुसरी बाजू कळेल. (कंपनीचं नाव घेत नाही, सगळ्यांचंच असं आहे.)

पहिल्याला एक हिरवा डॉट, अगदी खाली टास्कबारच्या पट्टीत. मुकाट बसलो असतो तर कधी दिसलाही नसता, पण मला खाज. दुसरा आला त्याला डॉट नाही, पण खोलीत अंधार करून काळी स्क्रीन लावली की उजव्या खालच्या कोपऱ्यातून पिवळट उजेड पाझरतोय, जणू मागे कुणी मेणबत्ती धरलीय. तिसऱ्याला उजेड बरा, पण पांढऱ्या पानावर मधे मळकट पट्टा, गॅरेजचं फडकं फिरवल्यासारखा. चौथा मागितला तर म्हणाले आता नाही. आज माझ्याकडे तो मळकट आहे आणि मला त्या पहिल्या हिरव्या डॉटची रोज आठवण येते.

पॅनेल, म्हणजे आतला पडदा, ही लॉटरी आहे. डॉट हा निदान मोजता येणारा दोष. बाकीचे दोष कुठल्याच कागदावर नसतात, तिथे ते 'नॉर्मल' म्हणून मोकळे होतात.

पिक्सेलमोड्या | ९ जुलै, दुपारी २.४०

गोंयकार, उजेड पाझरतो म्हणताय तो ब्लीड होता की आयपीएस ग्लो? डोकं डावीउजवीकडे हलवून बघायचं. हलवल्यावर उजेडही सरकला, कमीजास्त झाला तर ग्लो, तो आयपीएसचा स्वभाव, बदलून काही उपयोग नाही. तिथेच ठाण मांडून राहिला तर ब्लीड, म्हणजे चौकट कुठेतरी जास्त आवळली गेलीय. आणि मोबाइलने फोटो काढून घाबरू नका, अंधारात कॅमेरा उजेड वाढवून दाखवतो, साधा मॉनिटर पण पेटल्यासारखा दिसतो.

गोंयकार | ९ जुलै, दुपारी २.५२

डोकं हलवलं, मेणबत्ती हलली नाही.

लॅमिंग्टन_रोडवाला | ९ जुलै, दुपारी ३.३५

मी दुकानदार आहे, वीस वर्षं याच धंद्यात, म्हणून शिव्या खायची सवय आहे. तरी बोलतो.

दुकानात या. खोकं तुमच्या समोर फोडतो, लावतो, पाच रंग फिरवून दाखवतो, डॉट असला तर तिथेच दुसरं खोकं फोडतो. ऑनलाइनपेक्षा हजार पंधराशे जास्त पडतील, ते त्या फोडण्याचे समजा. कारण फोडलेलं खोकं माझ्या गळ्यात. डिस्ट्रिब्युटर मला तेच सांगतो जे हेल्पलाइनने ताईंना सांगितलं, एक डॉट चालतो. मग तो पीस मी डेमोला लावतो नाहीतर कुठल्यातरी ऑफिसला सीसीटीव्ही बघायला देतो. वॉचमन डॉट बघत नाही.

पण लोक काय करतात, माझ्याकडे येऊन अर्धा तास चार मॉनिटर बघतात, मॉडेल नंबरचा फोटो काढतात, आणि जिन्यातच फोनवर ऑर्डर. मग डॉट निघाला की मलाच फोन, शेठ काय करू. काय करू म्हणजे? डॉट मोजा.

निवांत_पाटील | ९ जुलै, दुपारी ४.१०

शेठ, मनावर घेऊ नका, पण दुकानातून घेतलेल्या माझ्या प्रिंटरचं बिल 'कच्चं' होतं, वॉरंटीला गेल्यावर कळलं त्याला काही अर्थ नाही. सगळे तुमच्यासारखे नसतात.

लॅमिंग्टन_रोडवाला | ९ जुलै, दुपारी ४.१८

ते बरोबर. जीएसटी बिल आणि त्यावर सिरियल नंबर, हे घेतल्याशिवाय काउंटर सोडायचा नाही. स्वस्त पडतं म्हणून कच्च्यावर घेणारे पण तुम्हीच असता पाटील.

निवांत_पाटील | ९ जुलै, दुपारी ४.२०

:(

सुहास_खोपोली | ९ जुलै, संध्याकाळी ५.३०

थोडं अवांतर. मुळात ४के लागतो का हो? मी घेतला, लावला आणि माउस पाण्यातून ओढल्यासारखा चालायला लागला, अक्षरं मुंगीएवढी. चार दिवस शिव्या घालून परतीची रिक्वेस्ट टाकली. पिकअपवाला यायच्या आदल्या संध्याकाळी भाचा आला, त्याने दहा मिनिटांत सांगितलं मामा लॅपटॉप जुना आहे, त्याची मॉनिटर जोडायची खाच जुनी एचडीएमआय १.४ आहे, ४के वर सेकंदाला ३० च फ्रेम जातात. टाइप सी खाचेतून डिस्प्लेपोर्ट (मॉनिटर जोडायची दुसरी पद्धत) निघत होतं, तशी वायर आणली, ६० झालं, लोण्यासारखं. अक्षरं विंडोजमध्ये १५० टक्क्यांवर नेली. रिक्वेस्ट रद्द. म्हणजे मी चांगला मॉनिटर माझ्या अज्ञानापायी परत करणार होतो.

चष्मा_साडेचार | ९ जुलै, संध्याकाळी ५.५५

@सुहास, देवनागरी वाचणाऱ्याला लागतो. इंग्रजी अक्षर कसंही दिसलं तरी ओळखू येतं. आपल्याकडे वर वेलांटी, खाली उकार, मधे अर्धं अक्षर, फुल एचडीवर 'क्ष्म्य' वगैरे आलं की काळा गोळा. मी नुसती बातम्या वाचते तरी फरक पडला.

तक्रारवही | ९ जुलै, रात्री ८.४५

कायद्याचं कुणी बोललं नाही म्हणून. (मी वकील नाही, स्वतःच्या फ्रिजसाठी भांडून शिकलोय.)

आपला ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, लागू झाला जुलै २०२० मध्ये, आणि त्याच महिन्यात ई-कॉमर्सचे वेगळे नियम आले. त्यात स्पष्ट आहे की माल सदोष असेल तर विक्रेत्याला परत घ्यायला नकार देता येत नाही. तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाली काढायची. त्यामुळे 'फक्त बदलून मिळेल' असं पानावर लिहिलं म्हणजे विषय संपला असं नाही. आधी त्यांच्याच ॲपमध्ये लेखी तक्रार, नुसता फोन नको, फोनचा पुरावा राहत नाही. तिथे काही नाही झालं तर १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. माझं काम तिथूनच झालं, केस करायची वेळच आली नाही. आलीच तर जिल्हा आयोगात तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही. दोन वर्षांच्या आत मात्र करायची.

खरी मेख वेगळीच आहे: एक विझलेला पिक्सेल हा 'दोष' का? कंपनी मानक दाखवणार, तुम्ही काय दाखवणार? इथे ताईंचा धंदा कामाला येईल. लिहा की मी मुद्रितशोधक आहे, वाचनासाठी घेतलाय आणि ठिपका वाचनाच्या आड येतोय. 'नाव' वाला किस्सा तारखेसकट लिहा.

आंबाघाट | ९ जुलै, रात्री १०.२०

तीन वर्षांची वॉरंटी कशाची असते असं ताईंनी विचारलंय, त्याचं उत्तर माझ्याकडे आहे. ती पुण्यामुंबईची असते.

माझ्या मॉनिटरला सव्वादोन वर्षांनी वरपासून खालपर्यंत एक उभी हिरवी रेघ आली. हा चांगला मोठा दोष, कुणी नाही म्हणू शकत नाही. फोन केला. घरपोच सेवा लिहिलेली, पण माझ्या पिनकोडला नाही. जवळचं केंद्र कोल्हापूर. मी रत्नागिरीच्या पुढे, आत. बरं, मूळ खोक्यात आणा म्हणाले. खोकं आईने माळ्यावर ठेवलं होतं पण आतलं थर्माकोल गणपतीच्या मखराला गेलेलं. मग मॉनिटर आजीच्या गोधडीत गुंडाळला, वर दोन उशा, त्यावर साडी बांधली, आणि एसटीत मांडीवर घेऊन बसलो. साखरप्यापासून घाट सुरू झाला की प्रत्येक वळणाला मी मॉनिटरच्या अंगावर आणि शेजारचे आजोबा माझ्या अंगावर. आजोबांनी विचारलं, पेशंट कोण आहे?

केंद्रावरचा मुलगा भला होता. बिल मोबाइलमध्ये होतं, सिरियल नंबर जुळला, पॅनेल बदललं, एकोणीस दिवस लागले. पैसे शून्य. वॉरंटी संपल्यावर पॅनेल घालायला किती असं सहज विचारलं तर त्याने जो आकडा सांगितला त्यात थोडी भर घातली तर नवा येतो. तेव्हा वॉरंटी खोटी नाही, फक्त ती उचलून न्यायची ताकद पाहिजे. खोकं जपा. थर्माकोलसकट.

खडूस_काका | ९ जुलै, रात्री १०.३२

मखराला थर्माकोल? २०१८ पासून बंदी आहे.

आंबाघाट | ९ जुलै, रात्री १०.३५

पॅकिंगमधून आलेलं होतं काका, विकत नाही आणलं. बाप्पाची पण तक्रार नव्हती.

एडिसनकर | १० जुलै, पहाटे ४.१०

इथून अमेरिकेतून भारतात मॉनिटर न्यायचा विचार करणाऱ्यांसाठी: मी सुटकेसमध्ये कपड्यांच्या मधे घालून भावाला नेला, पोचला, चालला, सहा महिन्यांनी बंद पडला. पुण्याच्या केंद्राने सिरियल नंबर टाकला आणि म्हणाले हा अमेरिकेचा, आमच्याकडे याची वॉरंटी दिसत नाही. वाचवलेले पैसे तिथेच गेले.

कानामात्रा | १० जुलै, सकाळी ७.५०

एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. वऱ्हाडीदादा, मी रात्रभर पेन्सिलची खूण करून ठेवली, माझा सरकत नाही. मेलेलाच आहे.

पिक्सेलमोड्या, तुमची शंका बरोबर निघाली. वडिलांचं जुनं भिंग आहे, ते छापखान्यात होते, त्यानेच ते ब्लॉकचे ठिपके तपासायचे. ते स्क्रीनला लावलं तर एक नाही, दोन आहेत! शेजारी शेजारी, चिकटून. म्हणूनच अनुस्वाराएवढा दिसत होता. पाचही रंगांवर दोन्ही काळे.

पिक्सेलमोड्या | १० जुलै, सकाळी ८.०५

मग खेळ बदलला! आता हेल्पलाइन सोडा, त्या कंपनीच्या साइटवर जाऊन पिक्सेल धोरणाचा तक्ता उघडा. एकटे ठिपके आणि लागून असलेले ठिपके यांना बहुतेक ठिकाणी वेगळी ओळ असते आणि लागून असलेल्यांना मुभा फार कमी. वाचून सांगा.

कानामात्रा | १० जुलै, सकाळी ८.४०

सापडलं. एकटे विझलेले पाचपर्यंत चालतील. लागून दोन, ही ओळ खाली वेगळी आहे आणि तिथे शून्य लिहिलंय. सहा पानांच्या पीडीएफमध्ये, तळटिपेत. तळटिपा वाचायची सवय कामाला आली.

भिंगातून मोबाइलने फोटो काढला, तक्त्याचं पान जोडलं, 'नाव' चा किस्सा लिहिला आणि ॲपमध्ये तक्रार टाकली. सातवा दिवस संपायला चौदा तास होते.

लॅमिंग्टन_रोडवाला | १० जुलै, सकाळी ९.१५

वीस वर्षांत तक्त्याची शेवटची ओळ वाचलेलं पहिलं गिऱ्हाईक. दुकानात कामाला येता का?

कानामात्रा | १३ जुलै, रात्री ९.३०

आज माणूस येऊन गेला. पंचवीसेक वर्षांचा मुलगा, पावसात भिजलेला, पाठीवर बॅग. आल्या आल्या म्हणाला, मॅडम एक डॉट असेल तर मी काही करू शकत नाही, पाचच्या वर लागतात. मी म्हटलं बसा, चहा घ्या, आणि स्क्रीनवर पान उघडून म्हटलं हा परिच्छेद तपासा, चूक सांगा. त्याने वाचलं, म्हणाला 'हावं' असा काही शब्द असतो का? मी पान सरकवलं. अनुस्वार 'पाव' वर गेला. तो हसायलाच लागला. मग भिंग दिलं हातात. दोन मोजले, फोटो काढला, फॉर्मवर लिहिलं 'टू ॲडजसंट', म्हणजे लागून दोन. जाताना भिंग कुठे मिळतं विचारून गेला.

गोंयकार | १३ जुलै, रात्री ९.४४

अभिनंदन, पण नवा आला की आधी अंधार करू नका. माझं ऐका. अंधारात बघितलंत की संसार मोडतो.

कानामात्रा | १९ जुलै, रात्री ८.१०

नवा आला. खोकं फोडतानाचा व्हिडिओ केला, पाच रंग फिरवले, भिंग घेऊन अर्धा तास बसले, ठिपका नाही. आणि गोंयकार, तुमचं ऐकलं नाही, अंधार केला. डाव्या वरच्या कोपऱ्यात उजेड आहे. डोकं हलवलं, तो हलला नाही, म्हणजे ब्लीड. मनाला दहा मिनिटं लागलं. पण माझं काम पांढऱ्या पानावर, दिवसाउजेडी, त्यात तो अजिबात दिसत नाही, आणि काळ्या स्क्रीनवर मी काही वाचत नाही. ठेवतेय. सिनेमा बघणारी असते तर कदाचित नसता ठेवला. खोकं थर्माकोलसकट माळ्यावर, आईला बजावलंय.

निवांत_पाटील | १९ जुलै, रात्री ८.२५

शेवटी माझंच म्हणणं खरं ठरलं, थोडं चालवून घ्या :)

खडूस_काका | १९ जुलै, रात्री ८.३१

बदलून घेतल्यावर चालवून घेणं आणि आधीच चालवून घेणं यात फरक आहे, पाटील.

कानामात्रा | २३ ऑगस्ट, दुपारी १२.०५

धागा वर काढतेय, कारण एक राहिलं होतं सांगायचं. त्या ज्येष्ठ लेखकांचं पुस्तक छापून आलं. काल त्यांचा फोन. पान १४८, तळटीप, 'गांव'.

मी फाइल उघडली. नव्या मॉनिटरवर, भिंगाखाली. अनुस्वार खराच आहे. कंपोझिटरकडून आलेला. बदलून मिळेपर्यंतचे ते नऊ दिवस मी त्या उंचीवर दिसलेला प्रत्येक अनुस्वार 'पिक्सेल आहे' म्हणून सोडत होते, पान सरकवून बघायचाही कंटाळा केला.

वऱ्हाडी_ठेचा | २३ ऑगस्ट, दुपारी १२.२०

ताई, पेन्सिलनं खूण करून पाहा, सरकते का.

खडूस_काका | २३ ऑगस्ट, दुपारी १२.२२

लेखकमहाशयांना तुमचा तक्ता पाठवा. एकटा असेल तर पाचपर्यंत चालतात.